सातबाऱ्यावर न येणारी ठेव

‘पालकांचा सहभाग’ हे शब्द शिक्षण खात्याच्या परिपत्रकांत जितक्या सहजपणे येतात, तितक्या सहजपणे ते नांदेड-लातूरकडच्या गावांतील आईबापांच्या तोंडी येत नाहीत. तेथे ‘शाळेत मिटिंग हाय’ एवढेच म्हटले जाते आणि मिटिंगचा अर्थ बहुधा रजिस्टरवरची सही किंवा अंगठा असा घेतला जातो. वास्तविक, २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम २१ नुसार सरकारी व अनुदानित शाळांच्या व्यवस्थापन समितीत किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक असावे लागतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या महिला असाव्या लागतात, म्हणजे कायद्याने शाळेची सूत्रे बरीचशी पालकांच्याच हाती दिलेली आहेत. तरीही या समित्यांच्या बैठकांत खोल्यांची दुरुस्ती, गणवेश, पोषण आहार आणि शिक्षकांची रिक्त पदे हे विषय निघतात. मुले काय शिकतात आणि त्यातले काय पालकांना शिक्षकांपेक्षा अधिक चांगले शिकवता येईल, हा विषय सहसा निघत नाही. शेती आणि परिसर यांच्याबाबतीत तर हा प्रश्न अधिकच टोकदार होतो, कारण मराठवाड्यातल्या खेड्यात या दोन्ही विषयांचे जाणकार वर्गात नसून वर्गाबाहेर, शिवारात उभे असतात.

येथे लहान मुले म्हणजे साधारणपणे ३ ते ८ वर्षे वयाची मुले अभिप्रेत आहेत. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने याच वयोगटाला पायाभूत स्तर असे नाव दिले असून त्यात अंगणवाडीची किंवा बालवाडीची तीन वर्षे आणि पहिली-दुसरीचे वर्ग येतात. मोठ्या वर्गांत पर्यावरण शिक्षण आणि कृषी शिक्षण हे दोन निराळे विषय मानले जातात. पहिल्याचा संबंध हवा, पाणी, माती व सजीव यांच्या परस्परसंबंधांशी, तर दुसऱ्याचा पीक, जनावर आणि अवजार यांच्याशी. पाच वर्षांच्या मुलापुढे मात्र ही वाटणी टिकत नाही. बांधावरची बाभळ, तिच्यावरचे सुगरणीचे खोपे, बांधाखालची ज्वारी आणि त्या ज्वारीवर उतरणारी पाखरे हे त्याच्या दृष्टीने एकच प्रकरण असते, आणि खरे पाहता शेतकऱ्याच्याही दृष्टीने ते एकच असते.

शेतीचे प्राथमिक ज्ञान शाळेत यावे, ही मागणी महाराष्ट्राला नवी नाही. महात्मा जोतीराव फुले यांनी १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात प्राथमिक शाळांच्या अभ्यासक्रमात मोडी व बाळबोध वाचन-लेखन आणि हिशेब यांच्या जोडीने शेतीची प्राथमिक माहितीही असावी असे सुचवले होते. १९३७ च्या वर्धा परिषदेतून गांधीजींची नई तालीम पुढे आली व हाताचे काम हेच शिक्षणाचे माध्यम ठरले. परंतु लहान मुलांच्या संदर्भात सर्वांत मोलाचा प्रयोग ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांचा होय. १९४५ मध्ये तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातील बोर्डी येथे सुरू झालेले आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर गेलेले त्यांचे काम एका साध्या निरीक्षणावर उभे होते, ते असे की मूल शाळेत येत नसेल तर शाळेने मुलाकडे जावे. पाड्यातल्या अंगणात भरली ती अंगणवाडी, आणि गुरे राखणाऱ्या मुलांसाठी कुरणावरच भरली ती कुरणशाळा. कुटुंबाचे काम ही शिक्षणातली अडचण न मानता तेच शिक्षणाचे ठिकाण मानण्याचा हा विचार होता. नांदेड आणि लातूरचा परिसर त्या काळी निजामाच्या राज्यात होता आणि १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत तेथे मराठी शाळांचेच दुर्भिक्ष होते, त्यामुळे हे वारे इकडे उशिरा पोचले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि कालांतराने अंगणवाडी गावोगाव आली. नाव अंगणवाडीचे राहिले. अंगण मात्र बहुतेक ठिकाणी सिमेंटच्या एका खोलीत गेले.

या विषयावर जगभरात जे संशोधन झाले आहे त्यातील दोन कल्पना मराठवाड्यातल्या वाचकाला विशेष जवळच्या वाटतील. अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात लुईस मोल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मेक्सिकन वंशाच्या कष्टकरी कुटुंबांच्या घरी शिक्षकांना पाठवले, ते मुलांच्या तक्रारी सांगायला नव्हे तर शिकायला. तेव्हा असे आढळले की ज्या घरांना शाळा ‘अशिक्षित’ म्हणत होती त्या घरांत माती, पाणी देण्याच्या पद्धती, जनावरांची निगा, घरगुती औषधे आणि बांधकाम यांचे भरघोस ज्ञान साठलेले होते. १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या निबंधात या साठ्याला जे नाव दिले गेले त्याचा मराठीत ‘ज्ञानाच्या ठेवी’ असा अर्थ करता येईल. दुसरी कल्पना बार्बरा रोगॉफ या मानसशास्त्रज्ञ विदुषींची आहे. ग्वातेमालामधील माया कुटुंबांचा अनेक वर्षे अभ्यास करून त्यांनी असे दाखवले की तेथील मुले धडे घेऊन शिकत नाहीत. मोठ्यांचे काम जवळून पाहत, जमेल तेवढा हात लावत शिकतात. आपल्याकडे यालाच ‘हाताखाली तयार होणे’ म्हणतात, आणि सुतार, कुंभार, शेतकरी सारे असेच तयार होत आले. फरक एवढाच की तिकडे या रीतीवर ग्रंथ लिहिले गेले आणि इकडे तिची गणना शिक्षणात कोणी केली नाही. जमिनीची नोंद सातबाऱ्यावर होते. या ठेवीची नोंद कोठेच होत नाही.

ही ठेव उघड्यावर येते तो दिवस वेळ अमावस्येचा. मार्गशीर्षातील अमावस्येला, म्हणजे डिसेंबरच्या अखेरीस किंवा जानेवारीच्या आरंभी, लातूर आणि धाराशिव जिल्ह्यांत आणि त्यांना लागून असलेल्या नांदेड, बीड, सोलापूर व कर्नाटकाच्या भागांत हा सण होतो. बोलीत त्याला ‘येळवस’ म्हणतात. हे नाव कन्नडमधून आले असावे असे मानले जाते, कारण त्या भाषेत ‘एळ्ळु’ म्हणजे तीळ. लातुरात या दिवशी स्थानिक सुट्टी असते, शहरातली दुकाने ओस पडतात आणि ज्यांना स्वतःचे शेत नाही तेही कोणाच्या ना कोणाच्या शेतात जेवायला जातात. ज्वारीच्या ताटांची खोप उभारायची, तिच्यात पाच दगडांना चुना लावून पांडव म्हणून मांडायचे, पूजा करायची, आंबील शिंपत पिकाभोवती फिरायचे आणि मग सगळ्यांनी मिळून भज्जी, उंडे, खीर आणि आंबिलीवर ताव मारायचा, असा दिवसाचा क्रम असतो. सायंकाळी पेटता हेंडगा शेताभोवती फिरवला जातो.

लहान मुलाच्या शिक्षणाच्या दृष्टीने या दिवसाकडे पाहिले तर त्याची रचना कोणाही अभ्यासक्रमकाराला हेवा वाटावा अशी आहे. रब्बीची सारी पिके आणि खरिपातली तूर त्या सुमारास शेतात निरनिराळ्या अवस्थांत उभी असतात; ज्वारी पोटऱ्यात आलेली किंवा निसवलेली, हरभऱ्याला घाटे धरलेले, तूर काढणीकडे झुकलेली, करडई अजून काटे न टोचणारी. पिकाभोवती फेरी मारताना मूल या साऱ्यांना हात लावते, नावे विचारते, घाटा सोलून खाते आणि ‘पोटरी’ म्हणजे ज्या पानाच्या वेटोळ्यात कणीस लपलेले असते ती जागा हे त्याला बोटाने चाचपून कळते. भज्जीत तुरीचे, हरभऱ्याचे, वालाचे, वाटाण्याचे हिरवे दाणे, भुईमूग, गाजर, मेथी आणि चिंच असे जे जे शिवारात आणि परसात असते ते पडते. ती भज्जी म्हणजे त्या गावाच्या पिकांची खाता येणारी यादीच होय. ज्वारीच्या पिठाला ताक लावून रात्रभर ठेवलेली आंबील सकाळी आंबट का होते, हा प्रश्न मुलाला सहज पडू शकतो, आणि डोळ्यांना न दिसणारे जीव पिठातल्या साखरेचे आम्ल करतात हे उत्तर त्याला आजीच्या माठापाशी जेवढे पटेल तेवढे फळ्यावर पटणार नाही.

या सणात एक प्रघात आहे, तो असा की चुलीवर ठेवलेले दूध ज्या दिशेला उतू जाते त्यावरून पुढच्या पावसाळ्याचा अंदाज बांधला जातो. विज्ञानवादी पालक याला हसतात आणि श्रद्धाळू पालक त्यावर बोलू देत नाहीत. दोघेही एक संधी गमावतात. मुलाकडून दुधाची दिशा आणि आजोबांचे भाकीत कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले आणि पुढच्या सप्टेंबरात ते काढून पाहिले, तर अंदाज, नोंद आणि पडताळणी या विज्ञानाच्या तिन्ही पायऱ्या कोणाचा उपमर्द न करता चढून होतात.

वेळ अमावस्येच्याच सुमारास नांदेड जिल्ह्यातील लोहा तालुक्यात खंडोबाच्या माळेगावची यात्रा भरते आणि तेथील जनावरांचा बाजार हा दुसरा मोठा वर्ग ठरतो. देवणी आणि लाल कंधारी या दोन मान्यताप्राप्त गोवंशांची नावे अनुक्रमे लातूर जिल्ह्यातील देवणी आणि नांदेड जिल्ह्यातील कंधार या गावांवरून पडलेली आहेत, हे या दोन जिल्ह्यांतल्या मुलांना ठाऊक असायला हरकत नाही. कंधारी गडद तांबडी. देवणी पांढरी, पण तिच्यातही काळ्या ठिपक्यांची शेवेरा, जवळजवळ पांढरीशुभ्र बालंक्या आणि तोंडाच्या बाजू काळ्या असलेली वानेरा असे भेद केले जातात. बाजारात बैलाचे वय दातांवरून ठरते. खालच्या जबड्यातले पुढचे दुधाचे दात पडून कायमचे दात जोडीजोडीने येतात; एकही जोडी आली नसेल तर जनावर ‘आदत’, पहिली जोडी आली की दोनदाती, मग चारदाती, सहादाती आणि आठही दात पुरे झाले की ‘जुळलेले’. जनावराचे तोंड उघडून बापाने हे एकदा दाखवले की दोनचा पाढा आठपर्यंत पाठ होतो, आणि पहिलीतल्या ज्या मुलाचे स्वतःचे पुढचे दात त्याच वर्षी हललेले असतात त्याला त्यात जे नवल वाटते ते सांगण्याची गरज नाही.

सण आणि यात्रा वर्षातून एकदाच येतात. रोजच्या शेतीतले एखादे काम याच दृष्टीने पाहायचे तर सोयाबीनची उगवण चाचणी पाहावी. लातूर आणि नांदेड या दोन्ही जिल्ह्यांत खरिपाचा बराच भाग आता सोयाबीनने व्यापला आहे. सोयाबीन हे स्वपरागसिंचित पीक आहे, म्हणजे फुलातल्या फुलातच फलधारणा होत असल्याने त्याचा वाण सहसा भेसळत नाही आणि घरचे बी पुढच्या हंगामात वापरता येते. मात्र त्याच्या दाण्याचे साल पातळ असते, अंकुर सालाच्या लगत असतो आणि मळणीत किंवा पोती आदळताना त्याला इजा झाली की दाणा वरून चांगला दिसूनही उगवत नाही. २०२० च्या जूनमध्ये मराठवाड्यात अनेक ठिकाणी पेरलेले सोयाबीन उगवलेच नाही, दुबार पेरणीची पाळी आली आणि मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली. तेव्हापासून पेरणीआधी घरीच उगवणशक्ती तपासा, असे कृषी विभाग दरवर्षी अधिक आग्रहाने सांगत आला आहे.

ही चाचणी अशी असते. पोत्यांमधून मूठमूठ दाणे काढून त्यातले शंभर निवडायचे, गोणपाटाचा तुकडा भिजवून पसरायचा, त्यावर दहा-दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडायच्या, वरून दुसरा ओला तुकडा घालून गुंडाळी करायची, ती सावलीत ठेवायची आणि पाणी शिंपडून ओल टिकवायची. पाच ते सात दिवसांनी गुंडाळी उलगडून चांगले कोंब आलेले दाणे मोजायचे. सत्तर किंवा त्याहून अधिक उगवले तर एकरी तीस किलो हे नेहमीचे प्रमाण ठेवायचे, कमी भरले तर त्या मानाने बियाणे वाढवायचे. सहा-सात वर्षांच्या मुलाला यातले काय करता येते, असा प्रश्न केला तर उत्तर असे की जवळजवळ सगळे. दहाच्या ओळी मांडणे हे त्याच्या पहिलीच्या गणिताचेच काम आहे. गुंडाळीला पाणी घालायची आठवण घरात त्याच्याइतकी कोणाला राहणार नाही. आणि टक्केवारी हा शब्द त्याला पाचवी-सहावीपर्यंत भेटणार नसला तरी दाणे शंभरच असल्यामुळे त्याची नुसती मोजणी हीच टक्केवारी असते. ‘अठ्ठ्याहत्तर’ असे मुलाने सांगितले आणि त्या आकड्यावर घरातल्या मोठ्यांनी पेरणीचा निर्णय घेतला, तर आपण मोजलेल्या गोष्टीवरून घर चालते हा अनुभव त्या मुलाला मिळतो, आणि असा अनुभव देणारा गृहपाठ अद्याप कोणत्याही शाळेने काढलेला नाही.

पीक दीड महिन्याचे झाल्यावर एक झाड अलगद उपटून त्याच्या मुळावरच्या गाठी मुलाला दाखवाव्यात. त्या गाठींत रायझोबियम नावाचे जिवाणू राहतात आणि हवेतला नत्र झाडाला उपयोगी पडेल अशा रूपात बांधून देतात. गाठ नखाने चिरली आणि आतून गुलाबी-तांबूस निघाली तर ती काम करते आहे असे समजावे. सोयाबीनच्या अशाच शेतांत २०२२ च्या पावसाळ्यात लातूर जिल्ह्यात शंखी गोगलगायींनी कोवळी रोपे खाऊन फस्त केली होती. ओली गोणपाटे रात्री बांधावर टाकून ठेवली की सकाळी त्यांच्याखाली गोगलगायी जमतात, ही युक्ती मुलांना खेळासारखी वाटते. मात्र त्या उघड्या हाताने उचलू नयेत, हेही त्याच वेळी सांगायला हवे.

मुलाकडून ज्ञान घराकडे येण्याचाही मार्ग असतो. अमेरिकेतल्या ओहायो राज्यात १९०२ मध्ये ए. बी. ग्रॅहम या शाळाधिकाऱ्याने मुलांचे शेतीमंडळ सुरू केले, ज्यातून पुढे ‘फोर-एच’ नावाची चळवळ वाढली. नव्या पद्धतींवर विश्वास न ठेवणारे मोठे शेतकरी आपल्या मुलांच्या वाफ्यातले पीक पाहून त्या स्वीकारतात, हे तेथे लक्षात आले होते. मराठवाड्यात याला जोडीदार शोभेल असे साधन म्हणजे पर्जन्यमापक. सरळ बाजूंची प्लॅस्टिकची बाटली वरून कापून तेच तोंड उलटे नरसाळ्यासारखे बसवले, तळाचा उंचसखलपणा खडे आणि पाणी घालून शून्याच्या रेघेपर्यंत भरून काढला आणि बाजूला पट्टी चिकटवली की मिलिमीटर मोजता येतात. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीन पेरू नये, ही शिफारस घराघरांत माहीत असते, पण आपल्या शिवारात किती पडला हे मात्र ‘लई झाला’ किंवा ‘चिपळणी झाली’ अशाच भाषेत सांगितले जाते. महसूल मंडळाच्या पर्जन्यमापकावर चोवीस तासांत ६५ मिलिमीटरच्या पुढे नोंद गेली की अतिवृष्टी मानली जाते. मुलाच्या बाटलीतल्या आकड्याला सरकारदरबारी किंमत नाही, परंतु मंडळाचा आकडा आणि घरचा आकडा यांत फरक का पडतो, या एका प्रश्नातून मुलाला पाऊस आणि राज्यकारभार या दोहोंबद्दल बरेच काही कळते.

पाण्याचा विषय निघाल्यावर लातूरचे २०१६ हे साल टाळता येत नाही. मांजरा धरण कोरडे पडले, पाणवाटपाच्या ठिकाणी जमावबंदी लावावी लागली आणि १२ एप्रिल २०१६ रोजी मिरजेहून पाणी घेऊन पहिली रेल्वे लातुरात आली. दहा टँकर-डब्यांत मिळून पाच लाख लिटर पाणी होते. त्या वर्षी जन्मलेली मुले आता प्राथमिक शाळा संपवण्याच्या वयाची आहेत आणि त्यांतल्या अनेकांना ही गोष्ट कोणी नीट सांगितलेली नाही, कारण संकट सरले की त्याच्याविषयी बोलू नये, असा घरांचा स्वभाव असतो. वास्तविक घागरींच्या रांगा, टँकरची वाट, विकलेली जनावरे हे सारे ज्या आईबापांनी सोसले तेच पाण्याचे सर्वांत प्रामाणिक शिक्षक होत. ‘पाणी हेच जीवन’ असे चित्राखाली लिहून जे साधत नाही ते त्यांच्या दहा वाक्यांनी साधेल.

मग हे आपोआप का होत नाही, या प्रश्नाचे उत्तर आर्थिक जितके आहे तितकेच मानसिक आहे. लातूर हे शहर महाराष्ट्राला ‘लातूर पॅटर्न’साठी ठाऊक आहे, दहावी-बारावीच्या गुणवत्ता याद्या, वैद्यकीय प्रवेशाच्या परीक्षा आणि त्यांच्याभोवती उभे राहिलेले शिकवणी वर्ग व वसतिगृहे यांनी आजूबाजूच्या जिल्ह्यांतील शेतकरी कुटुंबांना एक स्वप्न दिले, आणि त्या स्वप्नाने अनेक घरे वर आली हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु त्याच स्वप्नाच्या पोटी शेती ही शिक्षा ठरली. ‘शिकला नाहीस तर ढोरं राखावी लागतील’ हे वाक्य मराठवाड्यात प्रेमाने उच्चारले जाते आणि ते ऐकणाऱ्या मुलाला त्यातून दोन गोष्टी कळतात: एक, बापाचे काम हलके आहे, दोन, बापाला जे येते ते ज्ञान नव्हे. भावाची अनिश्चिती, कर्ज आणि नापिकी यांनी खचलेल्या बापाने आपल्या मुलाला शेतीपासून दूर ठेवू पाहावे यात नवल नाही. मुलाने शेतकरीच व्हावे असा आग्रह धरण्याचा अधिकार शहरात बसून लिहिणाऱ्या कोणालाही नाही. येथे मुद्दा निराळा आहे. पुढे डॉक्टर होणाऱ्या मुलालाही वनस्पतीची मुळे, जिवाणू, परागीभवन आणि पाऊस यांची पहिली ओळख शेतातच सर्वांत स्वस्तात आणि सर्वांत पक्की होते; जी मुले अकरावीत हे शब्द पाठ करतात त्यांतल्या कितीतरी जणांच्या घरी त्या शब्दांचे अर्थ गोठ्यात आणि वाफ्यात पडलेले असतात.

आईची गोष्ट याहून वेगळी आणि अधिक दुर्लक्षित आहे. सातबाऱ्यावर तिचे नाव सहसा नसते, पण राखेत घोळून ठेवलेले बी, परसातला वेल, कोंबडीच्या खुडुकपणाचे दिवस आणि कोणती रानभाजी कोणत्या पावसात उगवते याची माहिती तिच्याकडेच असते. २०२२ पासून राज्यात राबवल्या गेलेल्या ‘पहिले पाऊल’ या शाळापूर्व तयारीच्या मोहिमेत मातांचे गट करून त्यांना घरी करायच्या कृती देण्यात आल्या. कडधान्ये वेगळी करणे, भाज्यांची वर्गवारी, लहानमोठे ओळखणे अशा त्या कृती पाहिल्या तर लक्षात येते की शाळा आईला तेच शिकवत आहे जे ती रोज करते. याचा फायदा एवढाच, पण तो लहान नाही, की ती जे करते त्याला प्रथमच कोणीतरी शिक्षण म्हटले. शाळांच्या परसबागांनाही हेच लागू पडते. पोषण आहारासाठी शाळेच्या आवारात भाज्या लावण्याचा उपक्रम राज्यभर आहे, परंतु वाफे मुलांच्या आयांनी आखून दिले तर बाग टिकते आणि केवळ फोटोसाठी रोपे लावली तर उन्हाळ्याच्या सुट्टीत ती वाळून जातात.

या साऱ्याला एक मर्यादा घालून घ्यावीच लागते, कारण शेतात शिकणे आणि शेतात राबणे यांत अंतर आहे. बालकामगार कायद्यातील २०१६ च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलांना शाळेच्या वेळेनंतर आणि सुट्ट्यांत कुटुंबाच्या कामात मदत करण्याची मुभा ठेवली आहे, पण धोक्याच्या कामाला ती लागू नाही. कापसाच्या पट्ट्यात धोका सर्वांत मोठा फवारणीचा असतो. २०१७ मध्ये किनवट-माहूरला लागून असलेल्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन अनेक शेतकरी आणि मजूर दगावले. फवारणीच्या दिवशी मूल शेतात असताच कामा नये. त्याला शिकवायचेच असेल तर घरी, बंद बाटलीच्या वेष्टणावरचा रंगीत चौकोन दाखवून, की लाल म्हणजे सर्वांत जहाल, त्याखाली पिवळा, मग निळा आणि सर्वांत सौम्य हिरवा, आणि हिरवासुद्धा विषच. हा धडा बरेचदा मुलाच्या निमित्ताने बापच पहिल्यांदा शिकतो.

ज्यांना शेतच नाही किंवा ज्यांचे वर्षातले निम्मे दिवस परक्या शिवारात जातात त्या पालकांचा विचार या चर्चेत हमखास सुटतो. बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातील गावांतून, मुखेड-कंधार आणि अहमदपूर-जळकोट या बाजूंनीही, ऊसतोडीला टोळ्या जातात आणि मुले कोपीवर, म्हणजे फडाजवळच्या झोपड्यांत, वाढतात. त्यांच्या आईबापांना उसाच्या जाती, तोडीची वेळ आणि वजनाचा अंदाज यांची जी जाण असते ती कोणत्याही शाळेच्या उपयोगी आणली गेलेली नाही. त्यांच्यासाठी पालक-सहभाग ही नंतरची गोष्ट आहे. आधी मुलाचा पट कोणत्या गावच्या शाळेत आहे हे ठरायला हवे.

शाळेच्या बाजूने काही दारे उघडी आहेत. बालभारतीने तिसरीच्या परिसर अभ्यासाच्या पुस्तकाच्या जिल्हानिहाय आवृत्त्या काढल्या, त्यांत नांदेडच्या मुलाला नांदेडचा आणि लातूरच्या मुलाला लातूरचा जिल्हा भेटतो. बोरसुरीची तूरडाळ, पानचिंचोलीची चिंच आणि कास्तीची कोथिंबीर या लातूर जिल्ह्यातील तीन पिकांना २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, म्हणजे त्यांचे वेगळेपण त्या गावच्या माती-हवामानाशी जोडलेले आहे अशी अधिकृत मान्यता मिळाली. त्या गावांच्या शाळांना यापरता चांगला धडा कोठे मिळेल? नांदेड जिल्ह्यात सगरोळी येथे संस्कृती संवर्धन मंडळाच्या शाळा आणि कृषी विज्ञान केंद्र एकाच संस्थेच्या छत्राखाली आहेत. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतर ज्ञान प्रबोधिनीने धाराशिव जिल्ह्यातील हराळी येथे उभ्या केलेल्या केंद्रात शाळेला शेतीची जोड दिलेली आहे. चाकूर तालुक्यातील वडवळ नागनाथचे बेट औषधी वनस्पतींसाठी ओळखले जाते. सहली तेथे जाऊ शकतात आणि सोबत दोन-चार जाणते आजी-आजोबा नेता येतात.

राहता राहिला प्रश्न वेळेचा, आणि व्यवहारात तोच सर्वांत मोठा आहे. शाळा जूनच्या मध्याला उघडते तेव्हा गाव पेरणीच्या घाईत असते. पहिले सत्र संपते तेव्हा सोयाबीनच्या काढणीला आणि मळणीला माणूस मिळत नाही. आणि पालकसभा दुपारी, कामाच्या दिवशी, वर्गखोलीत ठेवली जाते. रोजगार बुडवून सहीसाठी कोणी येत नाही, आणि आले नाहीत म्हणून पालक उदासीन असल्याचा शेरा बसतो. नांदेड-लातूरच्या शाळा व्यवस्थापन समित्यांनी निदान एक सभा आठवडी बाजाराच्या दिवशी, मजुरीला सुट्टी असते तेव्हा सायंकाळी, किंवा मृगाच्या आधी गावातल्याच एखाद्या शेताच्या बांधावर घ्यावी, तिला अंगणवाडी सेविकेने आणि शिक्षकांनी वही घेऊन यावे, आणि त्या दिवशी सूचना न देता पालकांना प्रश्न विचारावेत.